परडी पुढे न देणाऱ्या बायका

देवाला सोडलेली बाई मराठी साहित्याला नवी नाही. जोगतीण, मुरळी, देवदासी अशा वेगवेगळ्या नावांनी ती कथेत आली, कादंबरीत आली, रंगभूमीवर आली आणि पडद्यावरही आली. ती यावी यासाठी आपल्या लेखकांनी पांढरपेशा साहित्याशी भांडण केले, हेही खरे. पण ती कशी आली, हे एकदा नीट तपासले पाहिजे असे मला गेली काही वर्षे सारखे वाटते आहे. ती येते तेव्हा तिच्याबरोबर चौंडके येते, तुणतुणे येते, भंडाऱ्याने माखलेले कपाळ येते, गळ्यात बांधलेले दर्शन येते. पोर सोडण्याचा विधी हा बहुतेक वेळा त्या लेखनाचा गाभा असतो. पोरीला न्हाऊ घालतात, हिरवे लुगडे नेसवतात, कडुलिंबाचा पाला गुंडाळतात, आणि वाचक हळहळतो. सोडणारे दिसतात, जिला सोडले ती दिसते, तिला भोगणारा गावचा मातब्बर दिसतो. पोर सोडू न देणारी बाई मात्र दिसत नाही. अशी बाई गावात नव्हतीच काय?

हा प्रश्न माझा नव्हे. तो माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारला. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दलित आणि ग्रामीण साहित्याचा पेपर आहे. त्यात देवदासीविषयक लेखनावर चार तास घेतले. चौथ्या तासाच्या शेवटी मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या सगळ्या पुस्तकांत पोरीला सोडत्यातच. आमच्या आज्जीनं तर आमच्या आईला सोडू दिलं न्हाई. तसं कुणी लिवलंय का?"

मला उत्तर देता आले नाही. माझी पीएच.डी. मराठी साहित्यातील दलित स्त्रीच्या चित्रणावर आहे. प्रबंधाची ग्रंथसूचीच कितीतरी पानांची आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून त्या पानांचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी तासाची घंटा झाली म्हणून मी सुटले.

उत्तर नव्हते असे म्हणणेही पुरते खरे नाही. ते माझ्या घरात होते. घरातली ती गोष्ट साहित्याच्या चर्चेत मांडण्यासारखी आहे, असे मला कधी वाटले नव्हते, एवढेच.

माझी आत्ती जोगतीण होती. आजोबांना आधी तीन मुलीच झाल्या, त्यांतल्या दोन दगावल्या. मुलगा व्हावा म्हणून उरलेली पोर त्यांनी यल्लमाला बोलली, आणि नंतर माझे वडील जन्मले. देवाला सोडलेली मुलगी बापाच्याच घरी राहते, तिला मुलासारखा वाटा मिळतो, म्हातारपणी आईबापांना तीच बघते. म्हणून ज्या घरात मुलगा नाही किंवा हाताला काम नाही, त्या घरात ही प्रथा पोटाच्या हिशेबाने बसते. समाजशास्त्राच्या पुस्तकात हे मी पुढे वाचले. आमच्या घरात एका भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि खालच्या कोपऱ्यात आत्तीची परडी. वडील चौदा एप्रिलला पंचशील म्हणायचे आणि आजी मंगळवारी-शुक्रवारी परडीला निवद दाखवायची. हे ज्यांना अशक्य वाटते त्यांनी आमच्या सीमाभागातली दहा घरे आत शिरून पाहावीत.

१९९५ च्या उन्हाळ्यात, मी सात वर्षांची असताना, माझ्या केसांत जट झाली. डोक्यात फोड उठले होते. पू येऊन केस चिकटले, दुखते म्हणून आईने विंचरले नाही, आणि पंधरा दिवसांत मानेवर दोरीसारखी गुठळी झाली. आजीने ती पाहिली आणि हात जोडले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी गेली. दुसऱ्या दिवशी दोन जोगतिणी आल्या, त्यांनी जटेवर भंडारा टाकला आणि "आईनं धरलंय पोरीला" म्हणून सांगितले. माझ्या आईला तोवर मुलगा नव्हता. वडील गप्प बसले. पंचशील म्हणणारा तो माणूस त्या दिवशी गप्प बसला, हे मी लिहिलेच पाहिजे. आई मला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून राहिली. तिच्या शब्दाला त्या घरात वजन नव्हते.

आत्ती भुईमुगाच्या शेंगा काढून आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने सगळे ऐकून घेतले, काही बोलली नाही. मला मागच्या दाराला नेऊन तिने गुठळीला गोडेतेल चोळले, सुटते का पाहिले. सुटत नाही म्हटल्यावर कात्रीने मुळापासून कापून टाकली, फोडांवर हळद लावली, आणि मग परडीसमोर जाऊन उभी राहिली. तिचे बोलणे मला अजून आठवते, कारण ती देवीशी सावकाराशी बोलावे तशी बोलत होती. "माझं घेतलीस, मी दिलो. हिचं नाव घ्याचं न्हाई. ही परडी माझ्यासंगं जाणार." आजीने आकांत मांडला. कोप होईल म्हणाली. आत्ती म्हणाली, "झाला तर माझ्यावर हुईल. मी हाय की अजून."

आणि त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात, रांडाव पुनवेला, ती नेहमीप्रमाणे सौंदत्तीला गेली आणि बांगड्या फोडून आली.

माझे म्हणणे इथून सुरू होते. दलित साहित्याच्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द मोठ्या कष्टाने मिळवले. त्यांतला नकार हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा शब्द आहे. पण नकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? देव्हाऱ्यातले टाक नदीत फेकणारा, वतन लाथाडणारा, गाव सोडून शहराची वाट धरणारा तरुण. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली, ते आपले माप आहे, आणि ते असलेच पाहिजे. त्या मापात आत्ती बसत नाही. तिने देवी नाकारली नाही. गळ्यातले दर्शन तिने मरेपर्यंत काढले नाही. जोगव्याला पाच घरे फिरायचे मात्र गुडघे गेल्यावर थांबवले, तेही गुडघ्यांमुळे. आपल्या एखाद्या शिबिरात ती उभी राहिली असती तर वक्त्याने तिला अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणूनच दाखवले असते.

पण ही प्रथा टिकते कशी, हे पाहिले की तिच्या त्या एका वाक्याचे मोल कळते. जोगतिणीची परडी तिच्यामागे घरातल्या कुणीतरी घ्यायची असते. मुलीने, पुतणीने, भाचीने. घ्यायला कुणी नसेल तर तसे कुणी शोधून ठेवतात. धर्मसत्ता, जमीनदारी, पुरुषसत्ता या सगळ्यांचा या प्रथेमागे हात आहे, याबद्दल वाद नाही. तरी प्रत्यक्षात ती एका बाईच्या हातातून दुसऱ्या बाईच्या हातात जाते. आत्तीने परडी मोडली नाही, पण पुढेही दिली नाही. जिथे सांधा होता नेमका तिथेच तिने हात आखडला. असा नकार ओळखण्याची सवय आपल्या समीक्षेला नाही. तो सभेत बोलला जात नाही, त्याला घोषणा नसते, आणि तो देणारी बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळात दिसते.

राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८), उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा', तिच्यावरून वामन केंद्रे यांनी १९८७ साली उभे केलेले नाटक, चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा, आणि ती कथा व गवसांच्या दोन कादंबऱ्या यांच्या आधाराने राजीव पाटील यांनी २००९ साली पडद्यावर आणलेला 'जोगवा' अशी ही परंपरा आहे. तिच्यातल्या कुणाच्याही प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. गवस आमच्याच भागातले, देवदासींच्या प्रश्नावरच्या कामात वावरलेले. तुपे मातंग समाजातून आले, सोसलेल्या माणसाच्या भाषेत लिहिले. ही पुस्तके नसती तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला देवदासी म्हणजे देवळात नाचणारी कुणी कलावंतीण एवढेच ठाऊक राहिले असते. झुलवा लावणे म्हणजे काय, एखाद्या बाईला काही काळापुरते ठेवून घेण्याला विधीचे सोवळे कसे नेसवले जाते, हे तुपे यांनी महाराष्ट्राच्या तोंडावर मांडले. ते ऋण मी नाकारत नाही.

तरीही एक गोष्ट राहते. 'जोगवा' घ्या. सुलीच्या केसांत जट सापडते, तायप्पाला लुगडे नेसून जोगता व्हावे लागते, दोघांची मने जुळतात आणि शेवटी दोघे ते जोगपण झुगारतात. मी हा चित्रपट कोल्हापुरात मैत्रिणींबरोबर पाहिला. जटेच्या प्रसंगाला माझा हात आपोआप मानेवर गेला. मुक्ता बर्वे यांनी सुली अशी केली आहे की मला त्यांचे काही कमी करायचे नाही. उपेंद्र लिमये यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण बाहेर पडल्यावर मी मैत्रिणीला म्हटले की तायप्पा भेटला नसता तर? बाईच्या सुटकेची वाट पुरुषाच्या प्रेमातून काढावी लागते, हा लोकप्रिय कलेचा जुना नियम आहे. तो तोडण्याइतकी ताकद त्या कथानकात होती. (त्यातली गाणी आता वरातीत वाजतात आणि लोक भंडारा उधळत नाचतात, ही वेगळी कथा.)

सोडू न देणारी बाई या लेखनात का येत नाही? मी यावर बराच विचार केला. दुष्टपणा हे कारण नाही, उपेक्षा हेही अपुरे कारण आहे. मला असे वाटते की अडचण घटनेची आहे. पोर सोडली की मिरवणूक असते, विधी असतो, गाणे असते, आक्रोश असतो. पोर सोडली नाही की काय घडते? काहीच नाही. माझी जट कापली, आणि शाळा उघडल्यावर मी दुसरीच्या वर्गात जाऊन बसले. यात कादंबरी कुठे आहे? न घडलेल्या गोष्टीला चौंडके लागत नाही. लेखकाला दृश्य हवे असते आणि वाचकाला हळहळ हवी असते. त्या दोघांच्या मध्ये दुसरीच्या वर्गात बसलेली पोर हरवून जाते.

पण नाट्य तिथे नाही असे कोण म्हणतो? त्या रात्री आमच्या घरात एकही माणूस झोपला नव्हता. आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनेही कधीकाळी एक मुलगी देऊन एक मुलगा मिळवला होता. आत्तीचे वाक्य म्हणजे आईवरचा आरोपच होता आणि दोघींना तो कळला होता. त्या दोघी पुढची नऊ वर्षे, आजी जाईपर्यंत, एका चुलीवर राहिल्या. त्या नऊ वर्षांवर कादंबरी होऊ शकते. ती लिहायला जोगतिणीच्या गळ्यातले दर्शन सोडून तिच्या तोंडाकडे पाहावे लागेल.

आत्तीला बळ कुठून मिळाले, याचा शोध मी पुढे घेतला. ती अंगठेबहाद्दर होती. चळवळीच्या सभांना ती गेली असेल, पण भाकरी थापायला. तिचे बळ मला देवीच्याच गोष्टीत सापडले. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त (१९७८) रेणुका-यल्लमाचा खोल शोध घेतला आहे, तो विद्वानांचा झाला. आत्ती ती गोष्ट रात्री सांगायची. जमदग्नीने सांगितले आणि परशुरामाने आईचे मुंडके उडवले, हे सर्वांना माहीत आहे. तिच्या गोष्टीत रेणुका जीव घेऊन पळते आणि मातंगीच्या घरात शिरते. मातंगी तिला लपवते, म्हणून पोरगा मातंगीचेही मुंडके उडवतो. पुढे मुंडकी अदलाबदल झाली, देवी झाली, देवळे झाली, यात आत्तीला रस नव्हता. ती तिथेच थांबायची आणि म्हणायची, "तिनं दार उघडलं बघ." बापाच्या हुकमाने आईला मारणारा मुलगा, आणि जिवावर उदार होऊन दार उघडणारी गावकुसाबाहेरची बाई. ही गोष्ट ब्राह्मणी पुराणाने कशी वळवली यावर आपण पुष्कळ लिहिले. गावकुसाबाहेरच्या बायकांनी ती स्वतःसाठी कशी सांभाळली, यावर फारसे लिहिले नाही.

आता थोडे इतिहासाकडे. पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी १ जुलै १९०८ रोजी 'सोमवंशीय मित्र' सुरू केले आणि खंडोबाला मुरळ्या सोडण्याविरुद्ध मोहीम उघडली. त्या मोहिमेला प्रतिसाद म्हणून १९०९ साली शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र त्या मासिकात छापून आले. स्वतः मुरळी असलेल्या बाईने आपल्या नावानिशी छापील कागदावर बोलणे, हे १९०९ साली. मुक्ता साळवे हिचा १८५५ मधला निबंध आपण आता अभ्यासक्रमात शिकवतो, त्याबद्दल आनंदच आहे. शिवूबाईच्या पत्राला तसे स्थान अजून नाही. पुढे समाजातल्याच एका गृहस्थाने तिच्याशी लग्न केले, हे इतिहासात कौतुकाने सांगितले जाते. लग्न मोठेच होते, पण पत्र त्याहून मोठे होते.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेब बोलले. धर्मांतराच्या घोषणेनंतरचे ते दिवस. हे जिणे सोडा, असे त्यांनी त्या बायकांना कठोर शब्दांत सांगितले. पोटाचे काय, हा प्रश्न त्या विचारणार हे त्यांना ठाऊक होते. त्याचे उत्तर आपण देणार नाही, वाटा शेकडो आहेत, पण इतर बायकांप्रमाणे लग्न करून संसाराला लागा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हे भाषण मी वर्गात शिकवते तेव्हा मुली अस्वस्थ होतात. मीही होते. सभेतून उठून कामाठीपुऱ्यात परत गेलेल्या बाईच्या त्या रात्रीचा विचार मनातून जात नाही. बाबासाहेबांच्या शब्दाचा असा विचार करणे म्हणजे त्यांच्याशी बेइमानी नव्हे. त्या बायका हॉलमध्ये आल्या होत्या, एवढे आपण विसरू नये. कुणी बोलावले म्हणून आल्या असतील, पण बसून राहिल्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहिताना चळवळीतल्या बायकांना त्यांच्या दारात जाऊन गाठले. समीक्षेच्या टेबलावर बसून हा इतिहास मिळणार नाही, हे त्या दोघींनी करून दाखवले आहे.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जवळ सापडले. त्यात अंगात येणाऱ्या बायका आहेत, पोतराज म्हणून देवाला वाहिलेला घरातला थोरला मुलगा आहे, आषाढातल्या जत्रा आहेत. आणि त्याच बायका बाबासाहेबांचे भाषण ऐकून आल्यावर बदलतात. देव खूप झाले, आता पोरे शाळेत घाला, असे चावडीसमोर उभे राहून सांगणारी एक वयस्क बाई त्यात आहे. या पुस्तकाची चर्चा आपल्याकडे दुःखाचे चित्रण म्हणूनच जास्त झाली. त्या बाईचे युक्तिवादाचे भाषण हे दलित स्त्रीच्या विचाराचे लेखन आहे, असे म्हणायला आपण चळवळीची माणसेही बिचकलो. तिची भाषा सभेची नाही, पाणवठ्याची आहे, म्हणून की काय?

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) पासून किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) पर्यंत मुलग्यांनी बापाच्या नावाचा प्रश्न विचारला. तो जळजळीत प्रश्न होता. काळे यांनी तर आईचे नाव आपल्या नावात घेऊन त्याचे उत्तरही दिले. जोगतिणीने मुलीला शाळेत नेले की तोच प्रश्न दाखल्याच्या रकान्यात उभा राहायचा. कुणी आजोबाचे नाव सांगायची, कुणी मामाचे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर आईचे नाव लावणे आवश्यक केले. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तो रकाना त्याच्या कितीतरी आधी, हेडमास्तरांशी हुज्जत घालून, आपल्या नावाने भरून घेतला होता. बाप कोण, यापेक्षा पोर शाळेच्या पटावर आली का, याची त्यांना घाई होती. पटावर आलेली पोर सोडायला अवघड जाते. मास्तर विचारतात, गैरहजेरी लागते.

इथवर लिहून मी थांबले होते. लेख इथेच संपवावा असे वाटत होते. पण मग मी आत्तीची आरतीच ओवाळली असती.

त्याच १९९५ साली, दिवाळीनंतर, आमच्या गल्लीतली दुसरी एक पोर सुटली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही एकत्र चिंचा वेचायला जायचो. आत्ती त्या घरी गेली नाही. विधीच्या दिवशी ती शेतावर निघून गेली आणि उशिरा परतली. पुढे एम.ए.ला असताना मी तिला विचारले की तू तिच्यासाठी का बोलली नाहीस. ती बराच वेळ ज्वारी निवडत राहिली आणि म्हणाली, "त्या घरात माझं काय चालतंय?" मी पुन्हा विचारले नाही. ती मैत्रीण पुढे मुंबईला गेल्याचे कळले. त्यापुढचे मी लिहिणार नाही.

आत्तीचा नकार आमच्या उंबऱ्यापाशी संपला. देवीशी झालेला तो घरगुती करार होता, शेजारणीच्या पोरीला तो लागू नव्हता. १९३६ चे भाषण इथे मला वेगळे ऐकू येते. घरापुरत्या तडजोडीने प्रथा मरत नाही, ती शेजारच्या घरात जाऊन बसते, हे बाबासाहेबांना दिसत होते. म्हणून त्यांनी पुरता तोडण्याचा आग्रह धरला. मी वर आत्तीच्या नकाराला जे मोल दिले ते मागे घेत नाही. पण ते मोल सांगताना त्या चिंचा वेचणाऱ्या पोरीला लपवणे मला जमणार नाही.

उंबरा ओलांडणाऱ्या बायकाही झाल्या. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानने १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद घेतली, आणि त्यानंतर आमच्या भागातल्या जोगतिणी पहिल्यांदा मागण्या घेऊन रस्त्यावर आल्या. पलीकडे बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेला १९९७ साली पूर्वाश्रमीच्या देवदासींची संघटना उभी राहिली. तिचे नेतृत्व करणाऱ्या सीतव्वा जोडट्टी यांना सातव्या वर्षी देवाला सोडले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या बायका गावोगाव फिरल्या, जत्रेत उभ्या राहिल्या, कुठे पोर सोडणार आहेत असे कळले की त्या घरी गेल्या. ज्या घरात माझ्या आत्तीला आपले काही चालत नाही असे वाटले, नेमक्या तशाच घरात त्या शिरल्या, आणि 'आम्ही भोगले आहे' एवढ्या अधिकारावर बोलल्या. कायदे होतेच. मुंबई प्रांताचा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. कायद्याला पोर सोडल्यावर कळते, शेजारणीला आधी कळते. पुण्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा कापल्या, त्याही अशाच घरोघर जाऊन, तासन्‌तास समजावत. त्यांच्या बातम्या मी कापून ठेवते. का, हे वाचकांना सांगायला नको.

गडहिंग्लजहून घटप्रभा काही फार दूर नाही. तरी या बायकांवर मराठीत मोठी कादंबरी आलेली नाही. सोडलेल्या पोरीवर आपण चाळीस वर्षे लिहितो आहोत, आणि तिने मोठी होऊन दुसऱ्या पोरीला अडवले तिथे आपली लेखणी अडते. यात प्रस्थापित साहित्याला दोष देऊन भागणार नाही. दलित समीक्षेनेही तिला काही विचारलेले नाही. मी स्वतः प्रबंधात 'शोषित स्त्रीची प्रतिमा' असे प्रकरण लिहिले आणि त्यावर मला चांगला शेरा मिळाला.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी पुढच्या तासाला सांगितले की तुझ्या आजीने काय केले ते लिहून आण. वर्गालाही सांगितले. घरी जाऊन विचारा, आजीला, मावशीला, शेजारच्या म्हातारीला. देवाला सोडण्याचेच असे नाही. पोरीचे लहान वयात लग्न, पोरीची शाळा, पोतराजाचे केस, काहीही. कुणी अडवले, काय बोलून अडवले, तेच शब्द लिहा. वर्गात चौतीस विद्यार्थी आहेत. सात वह्या आल्या, त्यांतल्या दोन मुलग्यांच्या. एकीत फक्त दीड पान आहे, कारण आजी बोलता बोलता उठून गेली आणि परत बसली नाही. शुद्धलेखन मी सुधारलेले नाही. त्या मुलीची वही सर्वांत मोठी आहे. तिच्या आजीने पोर सोडायच्या आदल्या रात्री मुलीला पाठीशी बांधून सात कोस चालत माहेर गाठले, आणि पोरीला न्हाण आल्यावरही तीन वर्षे ती परत आली नाही.

आत्ती २०१६ साली गेली. परडी तिच्याबरोबर द्यावी की नाही यावर घरात वाद झाला. वडील म्हणाले, बुद्धविधीत हे बसत नाही. आई म्हणाली, तिने सांगितले होते. परडी तिच्याबरोबर गेली.

त्या सात वह्या माझ्याजवळ आहेत. म्हाताऱ्यांची नावे छापायची नाहीत, असे पाचजणींनी बजावले आहे. एकीने उलट, नाव छापलेच पाहिजे, असे सांगितले आहे. सातवीने काहीच सांगितलेले नाही. या त्रैमासिकाच्या संपादकांना जागा काढता आली तर मी त्या जशाच्या तशा पाठवीन.